वाढत्या अंगाचा सराव

भालेराव सरांची आणि माझी पहिली भेट आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये झाली. काचीगुड्याच्या त्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. माझ्या एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात डबा. लिफ्टमध्ये आधीपासून एक उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. गळ्यात शिट्टी अडकवलेली. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुमची उंची किती?"

मला वाटलं, लिफ्टचा काही नियम असेल. मी म्हणालो, "पाच फूट सहा."

"मिसेसची?"

"पाच दोन असेल. का बरं?"

"पोरगी तुमचीच ना, काल जिन्यात उड्या मारू लालती ती?"

"हो. काही मोडलं का तिनं?"

"न्हाई, न्हाई. झकास उडू लालती. बसून किती?"

"काय बसून?"

"बसून उंची किती? माणूस उभा राहून किती ते समद्यांना माहीत असतंय. बसून किती ते एकालाबी माहीत नसतंय." एवढं बोलून त्यांनी खेदानं मान हलवली. तेवढ्यात तिसरा मजला आला आणि ते उतरून गेले. नाव नाही, गाव नाही.

घरी आल्यावर सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शिंपी असतील." मग ती स्वयंपाकाला लागली आणि मी कोणी बघत नाही असं पाहून भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो. डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीनं खूण केली. ती मोजून मी काय करणार होतो, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही. भालेराव सरांच्या बाबतीत माझा जो गोंधळ सुरू झाला तो त्या संध्याकाळपासून.

सर शिंपी नव्हते. उत्तम भालेराव वीज खात्यात हिशेबनीस होते आणि तिथूनच निवृत्त झाले. मूळचे परभणीकडचे, पण शिक्षण, नोकरी, संसार सगळं हैदराबादेत. बायको वारलेली, मुलगा परदेशात. रोज सकाळ-संध्याकाळ ते अंबरपेठच्या एका मैदानावर मुलामुलींना खो-खो शिकवायचे, फुकट. कुठल्याही शाळेत ते कधी शिक्षक नव्हते, तरी त्यांना सगळे 'सर' म्हणत. मी कोठी भागात एका विमा कंपनीत आहे. आमच्या शाखेचे मॅनेजर पूर्वी कधी तरी त्यांच्या खात्यातले, त्यांचे वरिष्ठ होते. तेसुद्धा त्यांना 'सर' म्हणायचे आणि म्हणून झाल्यावर आपण असं का म्हणालो याचा विचार करत बसायचे.

आमची आर्या तेव्हा दहा वर्षांची होती. दुसऱ्या मजल्यावर पद्मा नावाची नर्स राहायची. तिची मुलगी लावण्या आर्याच्याच वर्गात. एक मराठी, एक तेलुगू, आणि दोघी आपसात जी भाषा बोलायच्या ती हिंदी, इंग्रजी आणि खिदळणं यांची खिचडी होती. दोघी मिळून सरांच्या मैदानावर जाऊ लागल्या. मी पोचवायला जायचो, म्हणून मला ते मैदान बघायला मिळालं.

पहिल्या दिवशी सरांनी दोघींना स्टुलावर बसवलं, पाठ भिंतीला टेकवली आणि फूटपट्टी लावली. मग उभं करून मोजलं. मग त्यातून हे वजा केलं, आकाशाकडे बघितलं, ओठ हलवले आणि म्हणाले, "दोघीबी कच्च्या."

मी जरा दुखावलो. "कच्च्या म्हणजे? येईल की हळूहळू."

"तसं न्हाई कदमसाहेब. चिंच बघितलीय का? कच्ची, गाभुळलेली आन् पिकलेली. तिन्ही एकाच फांदीला असतात. एकाच दिवशी फुललेल्या. पर कच्ची फोडायला गेलं तर टरफल निघत न्हाई, गाभुळलेली जरा जोरात दाबली का फुटली. लेकराचं तसंच."

त्यांच्या मैदानावर असे तीन गट होते. वय विचारायचं नाही, इयत्ता विचारायची नाही. कच्च्यांनी नुसतं खेळायचं: पकडापकडी, लंगडी, उलटं पळणं, पाळीवरून भांडणं. पिकलेल्यांना खरा सराव, खांबावर झेपा, ताकदीचे व्यायाम. आणि मधले गाभुळलेले. यांच्याबाबत सर फार हळवे होते. वाढीचा जोर सुरू झालेली ही मुलं. उंची झपाट्यानं वाढते, आधी पाय वाढतात, धड मागून येतं. बसून-उभं मोजण्याचा खटाटोप त्यासाठीच होता. पाय पुढे पळालेत का, हे त्यावरून त्यांना कळायचं.

निदान त्यांचं म्हणणं असं होतं. प्रत्यक्षात ते सगळे आकडे डोक्यात ठेवायचे आणि तिथे त्यांची सरमिसळ व्हायची. एकीची उंची दुसऱ्याला चिकटायची. एकदा त्यांनी एका आईला सांगितलं, "तुमचा मुलगा बसून लय आहे." ती बाई दिवसभर घरकाम आणि नोकरी करून आलेली. तिला वाटलं, सर पोराला आळशी म्हणतायत. "हौ सर, घर में भी बैठाच रैता," ती म्हणाली आणि पोराच्या पाठीत एक धपाटा घातला. सरांना काय झालं ते कळलं नाही, पोराला तर नाहीच नाही.

पालकांच्या तक्रारी रोजच्याच. एक दातांचे डॉक्टर होते. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा कच्च्यांत, आणि शेजारच्याचा बारा वर्षांचा मुलगा पिकलेल्यांत. डॉक्टर लाल होऊन आले. "सर, ये क्या तमाशा है? बर्थ सर्टिफिकेट देखो ना!"

सर शांतपणे म्हणाले, "बर्थ सर्टिफिकेट टाइमटेबल है डॉक्टरसाब. गाडी टाइमटेबल पढ के नै आती."

काचीगुड्यात, रेल्वे स्टेशनाच्या शेजारी, सगळी उमर गेल्यामुळे हे वाक्य डॉक्टरांना चटकन पटलं. ते मान डोलवत गाडीत जाऊन बसले आणि मग आपण भांडायला आलो होतो हे आठवून परत आले. तोपर्यंत सर शिट्टी वाजवत पलीकडच्या कोपऱ्यात पोचले होते.

एक-दोन वर्षं अशी छान गेली. आर्या वाऱ्यासारखी पळायची. खो मिळाला की चौकोनातून अशी उठायची की समोरच्याला फक्त धूळ दिसायची. लावण्या तिच्या पाठोपाठ. शाळेत दोघींचं नाव झालं. मी ऑफिसात पेढे वाटले.

आणि मग आर्याला काहीतरी झालं.

आधी तिच्या हातून घरातल्या वस्तू पडू लागल्या. ताट, पाण्याची बाटली, माझा चष्मा. मग ती दाराच्या चौकटीला धडकू लागली. सहा महिन्यांत दोनदा बूट बदलले. आणि मैदानावर ती पडू लागली. उठताना स्वतःच्याच पायात पाय अडकून पडायची. खांबाला हात घालायला जायची तर खांब तिच्या अंदाजापेक्षा अलीकडेच असायचा. गुडघे दुखायचे ते वेगळंच. लावण्या होती तेवढीच होती, चिमणीएवढी, आणि ती आता आर्याला सहज बाद करायची.

"पप्पा, माय लेग्ज आर सो स्टुपिड," आर्या रडत म्हणाली.

मी ठरवलं, सराव वाढवायला पाहिजे. सकाळी लवकर उठवावं, जिने चढवावेत, उड्या मारायला लावाव्यात. तसं सांगायला मी मैदानावर गेलो, तर सरांनी आर्याला खाली बसवून ठेवलं होतं. म्हणजे बसवलं नव्हतं, एका पायावर उभं करून चेंडू झेलायला लावला होता. उड्या बंद, झेपा बंद, जोरात पळणंही निम्म्यावर.

"सर, मुलगी मागे पडतेय आणि तुम्ही तिचा सराव कमी करताय?"

"कमी न्हाई केला. दुमडून ठेवला."

"म्हणजे?"

"साहेब, तुमच्या आईनं तुम्हाला शाळेचा युनिफॉर्म कसा शिवला होता? वाढत्या अंगाचा. खाली चार बोटं दुमड. पोरगं वाढलं का उसवायची. सरावबी वाढत्या अंगाचा शिवावा लागतो. आत्ता तिच्या हाडांचं काम चालू आहे. घराचा स्लॅब ओला असताना त्यावर नाचतात व्हय?"

चिंच, युनिफॉर्म, स्लॅब. मी यातलं एक पकडेपर्यंत ते दुसरं फेकायचे.

"पण ती पडते का, सर? आधी पडत नव्हती."

त्यांनी आर्याच्या हातून निसटलेला चेंडू उचलून परत तिच्याकडे टाकला. मग म्हणाले, "पाय नवे आलेत. डोक्याला अजून जुनेच पाय वाटू लालेत. डोकं सांगतंय एक, पाय करतंय एक. दोघांची वळख व्हायला येळ लागतो. आपुन तवर गडबड करायची न्हाई." आणि आर्याकडे वळून जोरात ओरडले, "पडली तर पडली! हस आन् ऊठ! बक्षीस पडण्याचंच हाय आज!" त्या दिवशी सगळ्यांत जास्त वेळा पडणाऱ्याला खरंच एक चिक्की मिळाली. त्यामुळे मैदानावर असा काही पडापडीचा सुकाळ झाला की, एका मुलाचं कोपर सोलपटलं आणि त्याच्या आजीनं सरांना चांगलंच फैलावर घेतलं. सर काही प्रत्येक वेळी बरोबरच असायचे असं नाही.

अशा दिवसांत क्रीडाशाळेची निवड चाचणी आली. शहराबाहेर मुलांना ठेवून घेणारी, राहणं-जेवण-शिक्षण-खेळ सगळं तिथंच, अशी ती शाळा. निवड करणारे तीन जण टेबलामागे बसले होते. उंची मोजत होते, वजन करत होते, पळवत होते, उडी मारायला लावत होते. आर्या पळताना एकदा अडखळली आणि उडीनंतर धपकन बसली. तरी तिची निवड झाली. तिची उंची टेबलामागूनही दिसत होती. लावण्या एकदाही पडली नाही. तिची निवड झाली नाही.

"सर, नेनू कूडा?" लावण्यानं सरांना विचारलं. सर, मीपण? तिला अजून यादी कळली नव्हती.

सर टेबलाशी गेले. "ही छोटी बगा. हिचे आई-बाप दोघंबी उंच हायेत. ही उशिरा वाढणार. दोन वर्षं थांबून बगा फक्त." टेबलामागच्यानं अदबीनं सांगितलं की, पुढच्या वर्षी पुन्हा आणा. त्यात काही खोट नव्हती. नियम तोच होता. सर परत आले ते एकदम वाकल्यासारखे दिसत होते.

आम्ही घरी जल्लोष केला. सुनीतानं पुरण घातलं. आर्याला जायचंच होतं. तिथे निळा ट्रॅक होता, सहा जणींची खोली होती, घरी जे मिळत नाही ते सगळं होतं. मी सरांचा सल्ला घ्यायला खाली तिसऱ्या मजल्यावर गेलो. मला वाटलं ते म्हणतील, एवढ्यात पाठवू नका, हाडं ओली आहेत. तसं ते काहीच म्हणाले नाहीत. म्हणाले, "जाऊ द्या. जायचं का न्हाई ते तिचं तिनं ठरवावं. गुडघ्याचं मी तिथल्या लोकांना सांगीन." मग माझ्यापुढे चहा ठेवून त्यांनी विचारलं, "लावण्याचं काय?"

"लावण्याची निवड झाली नाही ना, सर."

"ते मला माहीत हाय. तिचं काय?"

"तिला पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षीचं सोडा. सोमवारी आर्या गेल्यावर लावण्या संध्याकाळी काय करणार?"

हा प्रश्न आहे हेच मला माहीत नव्हतं. मी चहा संपवून वर आलो.

आर्या जायच्या आधीच्या त्या आठवड्यात सरांनी आणखी घोटाळा केला. कच्च्या लावण्याला उचलून गाभुळलेल्यांत आणून आर्याच्या शेजारी बसवलं. दातांचे डॉक्टर टपूनच बसले होते. "सर, आपका सिस्टीम?"

"सिस्टीम छुट्टी पे है," सर म्हणाले.

दोघी जणी त्या आठवड्यात आधी बोलल्या नाहीत, मग भांडल्या, मग गळ्यात गळे घालून रडल्या. आणि सोमवारी आर्या गेली.

तिकडून पहिल्या फोनवर ती खूप हसली. दुसऱ्या फोनवर थोडी कमी. तिसऱ्या फोनवर नुसतीच मुसमुसत राहिली. जेवण जात नव्हतं. खोलीतल्या मुली आधीपासूनच्या मैत्रिणी होत्या. सगळ्यांबरोबर उड्या माराव्या लागत होत्या आणि गुडघा सुजला होता. सुनीता म्हणाली, तिला घेऊन या. मी म्हणालो, थोडा धीर धर. मग मी म्हणालो, घेऊन येऊ, तर सुनीता म्हणाली, धीर धरा. असं आमचं चाललेलं असताना सरांनी आपली स्कूटर काढली आणि ते थेट क्रीडाशाळेत जाऊन थडकले.

तिथल्या प्रशिक्षक श्रावणी मॅडम नावाच्या तरुण बाई होत्या. सर भांडायच्या तयारीनं गेले होते. जाताना लिफ्टमध्ये त्यांची तालीम मी स्वतः ऐकली होती. चिंच, युनिफॉर्म, स्लॅब, सगळं होतं. परत आले ते मात्र अगदीच पडेल चेहऱ्यानं.

"ऐकलं नाही का त्यांनी?" मी विचारलं.

"ऐकलं. पहिल्याच वाक्याला ऐकलं. म्हणल्या, सर, हे आम्हाला शिकवलंय. वाढीच्या दिवसांत झेपा-उड्या कमी, तोल जास्त. बसून उंचीसुद्धा घेतात. आर्या नवीन, म्हणून बघायचं राहून गेलं. माझ्यासमोर तिचा सराव बदलून दिला. वर चहा पाजला."

"मग चांगलंच झालं की!"

"हौ. चांगलंच झालं." ते जिन्याच्या पायरीवर बसले. "कदमसाहेब, पुस्तकात हाय म्हणे समदं. मला वाटलं होतं मीच शोधलंय."

मला हसू आलं. मग त्यांचा चेहरा बघून ते गिळावं लागलं.

आर्याच्या गुडघ्याची सूज ओसरली. पण खरा फरक पडला तो रविवारपासून. रविवारी सकाळी तिथे भेटायला परवानगी असते. आम्ही पहिल्या रविवारी डबा घेऊन गेलो तर फाटकाबाहेर सरांची स्कूटर उभी. सर एका लिंबाच्या झाडाखाली दगडावर बसलेले. आत आर्या आणि लावण्या गवतावर बसून खिदळत होत्या.

"सर, तुम्ही? लावण्याला आणलंत?"

"पद्माताईंची ड्यूटी होती," ते म्हणाले.

"मग आत चला ना."

"नक्को. मी काय, इथंच बरा हाय."

पुढच्या रविवारी पद्माताईंची ड्यूटी नव्हती, तरी सर होतेच. त्याच्या पुढच्या रविवारी मी म्हणालो, आम्ही गाडीनं जातोच आहोत, लावण्याला आम्ही नेतो, तुम्ही कशाला उन्हात स्कूटर हाकता? तर त्यांना चक्क राग आला. "मी तिला सांगितलंय मी नेतो म्हणून." मला वाटलं, माझं काही तरी चुकलं. काय ते मात्र कळेना. सुनीता म्हणाली, "एकटे आहेत, रविवार जात नसेल." मला तेवढंच कारण वाटेना. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, तासभर दगडावर बसायचं, मुलींशी एक शब्द बोलायचा नाही, आणि परत यायचं. याला रविवार घालवणं म्हणतात?

मग एका शनिवारी सरांकडे पाहुणे आले. ठेंगणे, गोल चेहऱ्याचे, टक्कल पडलेले, फार हसरे गृहस्थ. परभणीहून आले होते. "हा गौतम, माझा भाऊ," सर म्हणाले. रविवारी स्कूटरवर तिघं बसणार कसे? त्यामुळे सरांना नाइलाजानं आमच्या गाडीत यावं लागलं. सुनीताच्या भिशीच्या बायका येणार होत्या, म्हणून ती थांबली. लावण्या पुढे माझ्याशेजारी बसली, दोघे भाऊ मागे.

क्रीडाशाळेच्या फाटकावर त्या दिवशी नवा पहारेकरी होता. तरुण, थट्टेखोर. प्रत्येकाला नातं विचारत होता. मी वडील. लावण्या मैत्रीण, तिचं नाव आर्यानं आत लिहून दिलेलंच होतं. सर म्हणाले, "मैं बाहरीच बैठतूं. ये मेरा भाई है, इसको अंदर से मैदान देखना है, जाने दो."

"भाई?" पहारेकऱ्यानं एकदा वर बघितलं, एकदा खाली. "बडे भाई के छोटे भाई?"

"जुडवां हैं हम," गौतमराव हसत म्हणाले.

पहारेकरी खो-खो हसला. "जुडवां! कायकू मजाक कर रै चचा!"

तो बिचारा सहज बोलला होता. मलाही हसू आलं होतं, कारण हे मलाही तेव्हाच कळत होतं. पण भालेराव सर, जे डॉक्टरांवर चिडले नाहीत, कोपर सोलपटलेल्या पोराच्या आजीवर चिडले नाहीत, ते सर एकदम ओरडायला लागले.

"मजाक? एक माँ है हमारी! एक तारीख है! अलग अलग खडा करके पूछ! उसको उधर ले जा, मेरे को इधर पूछ! माँ का नाम पूछ! गली पूछ! जो पूछना है पूछ, झूट निकला तो बोल!"

पहारेकरी घाबरला. रांगेतले लोक वळून बघू लागले. लावण्यानं माझा हात घट्ट धरला. मी पूर्णपणे गोंधळलो होतो. पहारेकरी "जाओ चचा, दोनों जाओ, मैं कब ना बोला" म्हणत फाटक उघडून बाजूला झाला, तरी सर काही आत जाईनात. गौतमरावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "उत्तम. पुरे. हे पोरगं ते न्हाई."

लावण्या आत पळाली. सर फाटकापाशी, गजांना धरून, आत बघत उभे राहिले. गौतमराव मला लिंबाखाली घेऊन गेले.

"राग मानू नका साहेब," ते म्हणाले. "आमी तेरा वर्षांचे होतो तवा शाळेत असेच लोक आल्ते निवड करायला. मला मिशी फुटलेली, आवाज फुटलेला. हा दिसायचा धा वर्षांचा. मला नेलं, याला ठेवलं. तवर आमी एका वाकळंत झोपायचो. एकाला ताप आला तर आई दोघांना काढा पाजायची."

"मग?"

"मग हा दर रविवारी मला भेटायला यायचा. घरच्यांनाच आत सोडायचे. बाप कामावर, आई आजारी. हा शिपायाला सांगायचा, मी जुळा भाऊ हाय. शिपाई म्हणायचा, खोटं बोलतोस. मी आतून ओरडून सांगायचो, हौ, माझाच भाऊ हाय! तर शिपाई मला म्हणायचा, मग तुझी मिशी खोटी का याची तारीख खोटी? लोक हसायचे. हा फाटकाबाहेर उभा राहायचा, भेटीची वेळ संपली का निघून जायचा. पुढच्या रविवारी परत हजर."

"एकदाही सोडलं नाही?"

"एकदाबी न्हाई." गौतमराव हसले. "पुढं माझीच वाढ थांबली. जेवढा होतो तेवढाच राहिलो. बाकीचे पोरं वर गेले, मला घरी धाडलं. मी ट्रंक घेऊन आलो तर दार उत्तमनं उघडलं. तवर हा ताडमाड झालता. मी चेष्टेनं म्हणलं, दादा, भालेराव इथंच राहतेत का? तर हा उभ्या उभ्या रडायला लागला."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला रडू? मला आईच्या हातची भाकर मिळणार होती."

"सर मग खेळले नाहीत कधी?"

"उंच झाल्यावर त्याला बघायला कोण येतंय? वय निघून गेल्तं." ते थांबले. "पर खेळाचं त्याला कधी एवढं वाटलं न्हाई साहेब. निदान माझ्यापाशी तरी तो खेळाचं कधी बोलला न्हाई."

आत गवतावर आर्या लावण्याला नवी उडी करून दाखवत होती. हल्ली ती पडत नव्हती. लावण्या तिच्या खांद्याच्याही खाली होती, आणि दोघींना त्याचं काही नव्हतं. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा लावण्या धावत फाटकाशी आली आणि सरांना म्हणाली, "सर, नेक्स्ट संडे कूडा?"

"हौ," सर म्हणाले. "नेक्स्ट संडेबी."

परतताना लावण्या खिडकीबाहेर बघत आर्याकडून ऐकलेल्या गमती मला सांगत होती. अंबरपेठच्या आधी सिग्नल लागला. मागे एवढी सामसूम का, म्हणून मी आरशात बघितलं.

दोघेही झोपले होते. सरांनी आपलं डोकं गौतमरावांच्या खांद्यावर टाकलं होतं. तो खांदा इतका खाली होता की, तिथवर पोचायला सरांना कमरेतून पार वाकावं लागलं होतं आणि त्यांचे लांब पाय माझ्या सीटच्या पाठीला रुतले होते. दोघांतला थोरला कोण, हे विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं. सिग्नल सुटला. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले, आणि मी गाडी जमेल तितकी हळू पुढे काढली.